‘सांगलीत आंतरराष्ट्रीय कर कुणाला लागतोय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

बी.कॉम., एम.कॉम. झालेल्या मुलांनी करआकारणी आणि आंतरराष्ट्रीय लेखापद्धती यांत पुढचं शिक्षण घ्यावं, या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. सांगलीत जीएसटी आणि टीडीएसची रिटर्न बिनचूक भरणारा मुलगा मिळत नाही, तिथे व्होडाफोनचा आंतरराष्ट्रीय कराचा खटला शिकवून काय साधणार, हे काम मुंबईच्या मोठ्या फर्मचं आहे, सी.ए. असताना वेगळं काही करायची गरज नाही. आणि असल्या लेखांमुळे घरचे लोक जमीन गहाण टाकून पोरांना परदेशी पाठवतात.

शेवटच्या मुद्द्यावर आपल्यात मतभेद नाहीच. कर्ज काढून जाऊ नका, असं मूळ लेखातही आहे. लायडन किंवा व्हिएन्नाचे आंतरराष्ट्रीय करकायद्याचे अभ्यासक्रम हे कायदा किंवा कर यांत आधीच मुरलेल्या माणसासाठी असतात. पदवी हातात पडल्या पडल्या तिकडे धावण्यात अर्थ नाही.

पण हे मुंबईचं काम आहे, हे मला अजिबात मान्य नाही. तुमची प्रॅक्टिस मार्केट यार्डाजवळ आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून द्राक्षाचंच उदाहरण घेतो.

तासगाव भागातल्या निर्यातदाराचा कंटेनर मार्चच्या मध्यावर न्हावाशेवाहून रॉटरडॅमला निघाला. बिल युरोत. तिकडच्या आयातदाराने किमान दराची हमी दिलीय, पण अंतिम भाव ठरणार माल उतरल्यावर, तपासणी झाल्यावर, खराब मालाचे क्लेम वजा होऊन. म्हणजे आपल्या अडत्याच्या पट्टीसारखंच (विक्रीच्या अंतिम हिशेबासारखंच), फक्त पट्टी यायला दीड-दोन महिने लागतात. मध्येच 31 मार्च येतो आणि माल अजून समुद्रात असतो. आता ताळेबंदात काय लिहायचं? विक्री झाली की नाही? झाली असेल तर किती रुपयांची? माल निव्वळ कमिशनवर विकायला दिला असेल तर आयातदाराने तो पुढे विकेपर्यंत विक्री धरता येत नाही. पक्की विक्री असेल पण रक्कम वाजवी मर्यादेत ठरवताच येत नसेल, तर आपलं भारतीय लेखामानक एएस-9 सांगतं की उत्पन्न धरणं पुढे ढकला. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएफआरएस-15 म्हणतं, अंदाज करा, पण नंतर मोठ्या प्रमाणात उलटणार नाही याची दाट खात्री आहे तेवढंच धरा. किमान हमीचा दर इथे कामाला येतो. शिवाय विक्री धरली की युरोतलं येणं परकीय चलनाच्या एएस-11 प्रमाणे 31 मार्चच्या दराने रुपयांत आणायचं आणि फरक नफा-तोट्याला टाकायचा.

मी पाहिलेल्या हिशेबांत यातलं काहीच नसतं. पैसे बँकेत जमा झाले त्या दिवशी विक्री, बस्स. पॅकिंग, प्री-कूलिंग, जहाजभाडं हा सगळा खर्च एका वर्षात आणि माल दुसऱ्या वर्षात. पहिल्या वर्षी तोटा, पुढच्या वर्षी फुगलेला नफा. कर्जाचं नूतनीकरण करताना बँकेचा अधिकारी हेच कागद बघतो आणि चांगल्या चाललेल्या धंद्याला कर्जाची मर्यादा वाढवून देत नाही. आपल्याकडचा द्राक्षाचा हंगाम नेमका 31 मार्चच्या अलीकडे-पलीकडे असतो. मुंबईच्या फर्मपेक्षा हा प्रश्न आपल्या दारात जास्त वेळा येतो, सर.

तुम्ही म्हणाल, यासाठी पदव्युत्तर शिक्षण कशाला, एएस वाचलं की झालं. बी.कॉम.ला आपण नोंद कशी करायची ते शिकवतो. नोंद कधी करायची आणि का, हे भांडून ठरवायला शिकवत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांत वेल आणि घड यांचाही हिशेब वेगळा आहे. 2014 च्या दुरुस्तीनंतर द्राक्षवेल यंत्रसामग्रीसारखी स्थिर मालमत्ता धरली जाते, तर वेलीवर वाढणारी द्राक्षं रास्त मूल्याने मोजायची. आपल्या एएसमध्ये शेतीसाठी स्वतंत्र मानकच नाही. द्राक्षबागेत वाढलेला मुलगा यावर जे बोलेल, ते लंडनमध्ये बसलेल्या माणसाला सुचणार नाही.

आता व्होडाफोन. केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर परदेशातल्या परदेशात विकला गेला, पण त्यामागची खरी मालमत्ता भारतातला मोबाईलचा धंदा होता. मग कर कुणाचा? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, त्याच वर्षी सरकारने पूर्वलक्षी, म्हणजे आधीच्या व्यवहारांनाही लागू होणारी, दुरुस्ती आणली आणि 2021 मध्ये ती मागे घेतली. रक्कम हजारो कोटींची असेल, पण उत्पन्न कुठे उपजतं हा प्रश्न विश्रामबागेत घरून अमेरिकन कंपनीचं काम करणाऱ्या मुलापुढेही असतो. कंपनी त्याला डब्ल्यू-8बेन फॉर्म (आपण अमेरिकेचे करदाते रहिवासी नाही, हे सांगणारा) भरायला सांगते. तो घाबरतो, अमेरिकेतही कर लागेल असं त्याला वाटतं. काम इथे बसून केलंय, अमेरिकेत त्याचं कार्यालय नाही, तो तिथे राहिलेला नाही. 1989 च्या भारत-अमेरिका कराराप्रमाणे असं स्वतंत्र व्यावसायिक उत्पन्न इथेच करपात्र. मग पुढचे प्रश्न: तो पगारदार की व्यावसायिक, अनुमानित उत्पन्नाची (पावतीच्या ठराविक टक्के नफा धरून कर भरण्याची) सोय त्याला लागू होते का, 20 लाखांवर उलाढाल गेल्यावर जीएसटी नोंदणी केली का आणि एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरला का. एका पोराच्या फाईलमध्ये तीन कायदे आणि एक करार.

सी.ए.बद्दल मी एक अक्षरही वावगं लिहिलेलं नाही. उलट सी.ए. फायनलच्या प्रत्यक्ष कराच्या पेपरच्या नावातच आंतरराष्ट्रीय करआकारणी आहे, आणि सी.ए. इन्स्टिट्यूट सभासदांसाठी त्यातली पदविकाही चालवते. माझा जीव तुटतो तो सी.ए.च्या परीक्षेत अडकलेल्या किंवा तिकडे न गेलेल्या मुलांसाठी. एसीसीए या ब्रिटिश लेखापाल संस्थेची डिपआयएफआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय लेखामानकांची पदविका, ही एकच परीक्षा आहे. वाणिज्य पदवी आणि कामाचा अनुभव असला की देता येते. इंग्लंडच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ टॅक्सेशनची एडीआयटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय करआकारणीची प्रगत पदविका, तीन भागांत होते, तिला सी.ए.ची अट नाही. दोन्हींचा अभ्यास नोकरी करता करता, सांगलीत राहून होतो.

पाठांतराच्या भरवशावर तर आता राहताच येणार नाही. 1961 च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा 2025 आला, अंमल 1 एप्रिल 2026 पासून. कलमांचे जुने आकडे गेले. तत्त्व ज्याला कळलंय, तो नवा आकडा दोन मिनिटांत शोधेल.

एम.कॉम.च्या प्रबंधांबद्दल मात्र मला तुमच्याइतकीच चीड आहे. ‘जीएसटीबाबत व्यापाऱ्यांची जागरूकता’, प्रश्नावली वाटली, टक्केवारी काढली, बांधून दिलं. इथे बेदाण्याचा प्रश्न पडलेला असताना! शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही, हे स्पष्ट व्हायला जीएसटी परिषदेची 21 डिसेंबर 2024 ची जैसलमेरची बैठक यावी लागली. आयकरात प्रश्न वेगळाच, बेदाण्याचं उत्पन्न शेतीचं, म्हणून करमुक्त, धरायचं का: डिपिंग करून (द्राक्षं द्रावणात बुडवून) शेडमध्ये रॅकवर वाळवणं ही माल बाजारात नेण्यायोग्य करण्याची शेतकऱ्याची नेहमीची प्रक्रिया, की ताज्या द्राक्षाला बाजार असताना केलेलं वेगळं उत्पादन? यावर एक नेटका प्रबंध झाला तर तुमच्याच टेबलावर तो वापरला जाईल.

म्हणून एक विनंती. तुमच्याकडे निर्यातदारांच्या फाईली आहेत. नावं आणि पॅन झाकून, त्या पक्षकारांची परवानगी घेऊन, दोन हंगामांची बिलं, अंतिम पट्ट्या आणि बँकेचे कागद एखाद्या विद्यार्थ्याला तुमच्या ऑफिसात बसून अभ्यासू द्याल का? मुलगा किंवा मुलगी मी सुचवतो, मार्गदर्शकांशीही मी बोलतो. काम झाल्यावर पहिली प्रत तुम्ही तपासा आणि जिथे पटणार नाही तिथे लाल पेनाने लिहा.