पाच बॉक्स पाठ झाले, पण सा कुठे आहे?

गिटार शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतोय: "पेंटाटोनिकचे पाच बॉक्स पाठ करा, स्केल आला. स्वरांची नावं, थिअरी यात वेळ घालवू नका. स्केलच्या आत राहिलात तर काहीच चुकत नाही. मोठे वादक तरी कुठे थिअरी शिकले होते?" पेंटाटोनिक म्हणजे पाच स्वरांचा स्केल, आणि बॉक्स म्हणजे ते स्वर गिटारच्या मानेवर कुठे दाबायचे हे ठिपक्यांनी दाखवणारं चित्र.

बॉक्स म्हणजे स्केल, इथेच पहिली गफलत आहे. मेजर स्केल एकाच तारेवर वाजवून पाहा. दुसऱ्या तारेवर (सगळ्यात बारीक तार पहिली) पहिल्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या पहिल्या घरात, सी हा स्वर आहे. तिथून 3, 5, 6, 8, 10, 12 आणि 13. मधली अंतरं दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. ही अंतरं म्हणजे स्केल, मग सुरुवात कुठूनही करा. बॉक्सचा आकार ठरतो तो तारा कशा लावल्यात त्यावरून. शेजारच्या तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर असतं, फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात चारचं. म्हणून सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटचा ए चौथ्या तारेवर दोन फ्रेट पुढे मिळतो, पण चौथीवरून दुसरीवर जाताना तीन फ्रेट पुढे जावं लागतं. सहावी तार डीपर्यंत उतरवली की पाठ केलेल्या बॉक्सचा खालचा भाग लगेच बिघडतो. अंतरं माहीत असतील तर त्या तारेवर सगळं दोन फ्रेट पुढे सरकवायचं, एवढंच.

यापेक्षा मोठा घोटाळा आहे तो घरच्या स्वराचा, म्हणजे ओळ जिथे विसावते त्या सा चा. पाचव्या फ्रेटवरचा तो सुप्रसिद्ध बॉक्स घ्या: ए, सी, डी, ई, जी. मागे ए मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) चालू असेल तर सा ए वर. सी मेजर चालू असेल तर तोच बॉक्स, तीच बोटं, पण सा सी वर, म्हणजे सहाव्या तारेच्या आठव्या फ्रेटला. ओळ कुठे थांबवायची, कशावर रेंगाळायचं, सगळं बदलतं. आपल्याकडे हे समजवावं लागू नये. भूप आणि देशकार, दोन्हींत सा रे ग प ध. पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, देशकाराचा धैवत, आणि जाणकार ऐकताच ओळखतो. पाच बॉक्स पाठ असलेल्या कितीतरी जणांचा सोलो बॉक्सच्या सगळ्यात खालच्या स्वरावर येऊन थांबतो, कारण घर तिथेच असं ते धरून चालतात.

"काहीच चुकत नाही" यात थोडं तथ्य आहे. या पेंटाटोनिकमध्ये एका फ्रेटचं अंतर कुठेच नाही, त्यामुळे खटकणाऱ्या जागा कमी. पण पूर्ण सी मेजर स्केल घेऊन सी कॉर्डवर एफ धरून ठेवा. कॉर्डमधल्या ई शी तो भांडतो. चालता चालता स्पर्श करून पुढे गेलात तर तोच गोड लागतो. ब्लूजमध्ये ए सेव्हन कॉर्डमध्ये सी शार्प (सी च्या एक फ्रेट वरचा स्वर) असतो आणि मायनर पेंटाटोनिकमध्ये सी. म्हणून तर वादक तो सी किंचित वर ओढतात, दोघांच्या मधे कुठेतरी. हे बॉक्सच्या चित्रात कुठे दिसणार?

राहिले थिअरी न शिकलेले मोठे वादक. नावं माहीत नसणं वेगळं आणि घर माहीत नसणं वेगळं. कानावर शिकलेला माणूस रेकॉर्डवरची एकेक ओळ शोधत बसतो, त्यात कुठला स्वर कुठल्या कॉर्डवर बसतो हे त्याला आपोआप कळत जातं. हा सल्ला मात्र कानही वगळतो आणि नावंही. शिल्लक राहतात ठिपके.

बॉक्स टाकून द्यायची गरज नाही. प्रत्येक बॉक्समध्ये सा कुठे आहे ते आधी शोधा, मागे एकच कॉर्ड चालू ठेवा आणि वाजवण्याआधी तो स्वर गुणगुणा.