‘एका दिवसात पक्के दात’ हे अर्धंच खरं

दातांच्या इम्प्लांटवरचा एक लेख वाचला. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात. त्याने ‘एका दिवसात पक्के दात’ मिळतात असं त्या लेखात म्हटलंय. काही पेशंटना त्याच दिवशी तात्पुरती कॅप बसवतात, हे खरं. पण टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव व्हायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, हे ठळकपणे सांगायला हवं होतं. स्वीडनचे डॉक्टर ब्रोनमार्क यांनी १९६५ साली पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले, तेव्हापासून सगळी भिस्त या हाड धरण्यावरच आहे.

माझ्या आईची खालची दाढ काढल्यावर कोथरूडमधल्या एका दवाखान्यात शुगर न तपासताच स्क्रू बसवला. दोन महिन्यांत तो हलायला लागला. जिभेने ढकलला की हलतोय, हे तिलाच आधी कळलं. काढावा लागला, पैसे गेले ते गेलेच. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) बघितलं, थ्रीडी स्कॅन काढला, शुगर आटोक्यात येईपर्यंत थांबायला लावलं. आता ती ज्वारीची भाकरी त्याच बाजूने चावते, कडेचा कडक पापुद्रासुद्धा. ते बघून मला फार बरं वाटतं.

ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या कृत्रिम दातासाठी, ते शेजारचे चांगले दात घासून लहान करावे लागतात, म्हणून इम्प्लांट मला आजही योग्य वाटतो. पण मधुमेह असेल, तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, अगदी त्यांनी विचारलं नाही तरी. आणि दाढ काढून वर्षानुवर्षं तशीच जागा ठेवू नका, तिथलं हाड झिजत जातं.