'फक्त बेल्ट बदला' म्हणणाऱ्यांना

गेल्या पंधरवड्यात सोसायटीच्या, ऑफिसच्या आणि भावकीच्या अशा तिन्ही ग्रुपवर एकच मेसेज फिरून आला. सार असं: टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा रबरी पट्टा) बदलायला गेलात की गॅरेजवाला टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुली), वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा) असे जास्तीचे पार्ट गळ्यात मारतो. चालू पार्टला हात लावू देऊ नका, फक्त बेल्ट बदला, हजारो रुपये वाचवा. पुण्यात गाडी बाळगणाऱ्याला हे लगेच पटतं, कारण प्रत्येकाला कधी ना कधी कुणीतरी टोपी घातलेली असते. पण या सल्ल्याने एखाद्याचं इंजिन जाईल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'पंप गळत नाही, मग बदलायचा कशाला?'

बऱ्याच गाड्यांत, उदाहरणार्थ डस्टरच्या १.५ लिटर डिझेलमध्ये, वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. तिथवर पोचायचं तर चाक काढा, इंजिनला खालून आधार द्या, माउंटिंग सोडवा, कव्हर उघडा, टायमिंग लॉक करा. बेल्टसाठी हे सगळं करावंच लागतं. समजा मजुरी ५,००० आणि पंप ३,००० रुपये. आज पंप टाकला तर बिलात साधारण ३,००० वाढतील. वर्षभराने तोच पंप गळला तर ८,००० जातील, शिवाय कूलंटने भिजलेला जेमतेम वर्षाचा बेल्ट फेकावा लागेल.

आणि गळत नाही हे ठरवलं कुणी? पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की कूलंट आधी तिथून पाझरतो. या महिन्यात माझ्या गाडीचं कव्हर निघालं तेव्हा मिस्त्रींनी बॅटरी मारून दाखवलं: भोकाखाली सुकलेला, पांढरट गुलाबी ओघळ. पार्किंगच्या फरशीवर मात्र तोवर एक थेंब पडलेला नव्हता. आपल्याकडे तर वाघोली, उंड्रीपासून कितीतरी सोसायट्यांत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी, आणि कूलंट कमी झालं की लोक तेच ओततात. त्या जड पाण्याचा क्षार सीललाही सोडत नाही.

'टेन्शनर म्हणजे नुसती पुली, तिला काय होतंय?'

त्या पुलीच्या पोटात बेअरिंग असतं, ग्रीस भरून कायमचं बंद केलेलं. बेल्ट जेवढा धावला तेवढीच तीही फिरलेली असते. ५ वर्षांपूर्वी मीही असाच पैसे वाचवायला फक्त बेल्ट बदलून घेतला होता. १४ महिन्यांनी साताऱ्याला जाताना, खंबाटकीच्या चढावर इंजिन एकदम बंद पडलं. मागच्या सीटवर आई होती. गाडी टो करून शिरवळला आणली. टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं होतं, बेल्ट पुलीच्या दातांवरून सरकला होता आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले होते. हेड उतरवावं लागलं. नंतर तो टेन्शनर मी हातात धरून फिरवला, तर वाळू भरल्यासारखा खरखरत होता. बेल्ट अजून नव्यासारखा होता.

'किलोमीटर भरेपर्यंत बेल्टही चालतो.'

कंपन्या किलोमीटरसोबत वर्षंही देतात आणि जे आधी भरेल ते धरायचं असतं. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. हिंजवडीतून संध्याकाळी निघणाऱ्याला सांगायला नको, की इंजिन तासभर चालतं तेव्हा मीटर किती पुढे सरकतं.

'किट ही कंपन्यांची कमाई आहे.'

कमाई आहेच. पण एसकेएफ, गेट्ससारख्या कंपन्या बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि काही गाड्यांसाठी पंपही एकत्र विकतात, कारण हे पार्ट एकाच वेळी, एकाच कव्हरखाली झिजतात. क्लचचंही तेच. गिअरबॉक्स उतरवल्यावर प्लेटसोबत प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग टाकून घेण्यावर कुणी हरकत घेत नाही.

'असं करत गेलं तर थांबायचं कुठे?'

मेसेजमधला हा एकच प्रश्न मला रास्त वाटतो. मी स्वतःला एवढंच विचारतो: हा पार्ट उद्या गेला तर आजची खोलाखोल पुन्हा करावी लागेल का? लागणार असेल तर आजच बदलायचा. वरून अर्ध्या तासात निघत असेल तर जाईपर्यंत वापरायचा. पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर फिरत असेल तर तो टायमिंगच्या कामात ओढायचं कारण नाही. स्विफ्टच्या १.३ डिझेलला तर टायमिंग बेल्टच नाही, चेन आहे. इंजिन फ्लश, न मोजता सांगितलेले ब्रेक पॅड, दर सर्व्हिसला इंजेक्टर क्लीनिंग, यांना खुशाल नाही म्हणा. जुने पार्ट मागून घ्या, नाना पेठेत जाऊन नव्याची किंमत ताडून पाहा.

या वेळी माझ्या जॉबकार्डावर बेल्ट, टेन्शनर, आयडलर, पंप आणि कूलंट आहे. थर्मोस्टॅट आणि इंजेक्टर क्लीनिंग मी खोडायला लावलं. मिस्त्रींनी काही न बोलता खोडलं.