फक्त रेग्युलेटर बदलून टर्बोची ताकद वाढत नाही

टर्बो गाड्यांच्या हौशी मंडळींमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. स्क्रू फिरवून दाब वाढवता येणारा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर (इंजेक्टरला जाणाऱ्या पेट्रोलचा दाब ठरवणारा भाग) बसवा आणि दाब 3 बारवरून 4 वर न्या. गाडी जास्त ओढेल, बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा जादा दाब) वाढवला तरी मिश्रण पातळ होणार नाही, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणार नाही, आणि हा रेग्युलेटर कोणत्याही टर्बोला चालतो. यावर विश्वास ठेवून कुणाचं इंजिन जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

आधी ताकदीचं पाहू. ट्यून, म्हणजे ईसीयू या इंजिनाच्या संगणकातली सेटिंग, कंपनीचीच असेल, तर जास्तीचं पेट्रोल ऑक्सिजन सेन्सरला कळतं आणि ईसीयू इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ कमी करून हिशेब जुळवतो. पूर्ण थ्रॉटलला बहुतेक जुन्या गाड्यांत ही दुरुस्ती थांबते. तिथे मिश्रण नुसतं रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. शिवाय 3 चे 4 बार केले म्हणजे 33 टक्के जास्त पेट्रोल मिळतं असं नाही. इंजेक्टरमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साधारण 15 टक्के. दाब दुप्पट केला तरी 41. आणि दाब वाढला की पंप कमी पेट्रोल ढकलतो, हे तर त्या सल्ल्यात कुठेच नसतं.

मिश्रण पातळ होणार नाही, हा दावा सगळ्यात घातक. इंजेक्टरला रेलमधला, म्हणजे त्याला पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब एकटा कळत नाही. त्याला कळतो रेल आणि मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा मार्ग) यांच्या दाबातला फरक. रेलमध्ये 3 बार कायम ठेवले आणि मॅनिफोल्डमध्ये 1 बार बूस्ट आला, तर फरक उरतो 2 बारचा. पेट्रोल सुमारे 18 टक्क्यांनी घटतं, तेही इंजिनावर सर्वांत जास्त भार असताना. मग नॉकिंग (मिश्रण अवेळी, स्फोटासारखं पेटणं), मग पिस्टन जातो. म्हणून रिटर्न लाइन (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेल्या टर्बोला मॅनिफोल्डशी 1:1 जोडलेला रेग्युलेटर लागतो: बूस्ट 1 बारने वाढला की रेलचा दाबही 1 बारने वाढतो आणि फरक 3 वरच राहतो. त्याची नळी थ्रॉटलनंतरच्या मॅनिफोल्डवरून, स्वतंत्र घ्यावी. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या (थ्रॉटल मिटल्यावर कोंडलेली हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) नळीला टी जोडून नाही.

साध्या इंजिनावर नंतर टर्बो चढवताना कधीकधी 8:1 वगैरे चढत्या प्रमाणाचा रेग्युलेटर सुचवला जातो. अर्धा बार बूस्टला तो रेलमध्ये 4 बार वाढवतो, म्हणजे 3 चे 7. त्या दाबाला अनेक पंप दमतात आणि काही इंजेक्टर नीट उघडतही नाहीत. मोठे इंजेक्टर आणि नीट ट्यून यांचे पैसे वाचवायचा हा मार्ग मला अजिबात पटत नाही.

कोणत्याही टर्बोला चालतो? नाही. महिंद्राच्या एक्सयूव्ही300 मध्येच 1.2 लिटरची दोन टर्बो पेट्रोल इंजिनं आली, एक पोर्ट इंजेक्शनचं (पेट्रोल सिलिंडरच्या अलीकडे, हवेच्या मार्गात), दुसरं डायरेक्ट इंजेक्शनचं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये). डायरेक्ट इंजेक्शनमध्ये रेलचा दाब शेकडो बारमध्ये असतो आणि तो ईसीयू हाय प्रेशर पंपावरूनच ठरवतो. तिथे हा रेग्युलेटर लावायला जागाच नाही. रिटर्न लाइन नसलेल्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि बूस्टचं गणित ईसीयूने आधीच धरलेलं असतं. तिथे ट्यून न बदलता 1:1 चा रेग्युलेटर घातला तर ते गणितच बिघडतं.

खरंच गरज असेल, तर दाबाच्या आकड्याआधी रेग्युलेटरची रिटर्नची क्षमता पाहा. मोठा पंप आणि अरुंद रिटर्न असेल तर आयडलला दाब आपोआप चढतो आणि स्क्रू कितीही सैल केला तरी उतरत नाही. डायफ्रॅम, म्हणजे रेग्युलेटरमधला लवचीक पडदा, इथेनॉल सोसणारा हवा. आपल्याकडे आता पेट्रोल पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. बेस प्रेशर लावताना इंजिन आयडलला ठेवून मॅनिफोल्डवरून येणारी व्हॅक्यूमची नळी काढा, तिचं तोंड बंद करा, आणि गेजवर कंपनीने दिलेला आकडा आणा. नळी परत जोडली की दाब साधारण अर्ध्या बारने उतरायला हवा. उतरला नाही तर नळी किंवा डायफ्रॅममध्ये दोष आहे. काढलेल्या नळीत पेट्रोल दिसलं तर डायफ्रॅम फाटलेला आहे. लगेच इंजिन बंद करा.