लिझ फेअर, शून्य आणि सातवं गाणं

अमेरिकन गायिका लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमची बाजू घेणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लिझ फेअरनं २००३ मध्ये स्वतःला विकलं, पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटनं तिच्या अल्बमला १० पैकी ०.० दिले ते योग्यच केलं, आणि आता त्या समीक्षकानंच माफी मागितली म्हणून मलाही तो अल्बम आवडायला लागला, असं तुमचं म्हणणं. वर एक टोला : ‘पुरुष समीक्षकांनी एका बाईला झोडपलं’ ही माझी मांडणी खोटी.

टोल्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे माझं चुकलंय. सगळ्यात झोंबणारं परीक्षण न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलं होतं, मेगन ओ’रोर्क यांचं. ‘एक्झाइल इन गायव्हिल’ हा फेअरचा गाजलेला पहिला अल्बम. त्यावरून शीर्षकातच चिमटा होता : ‘एक्झाइल इन एव्हरिल-व्हिल’, म्हणजे किशोरांची लाडकी पॉप गायिका एव्हरिल लव्हीन हिच्या गावात. माझ्या मांडणीत ते बसत नव्हतं म्हणून मी गाळलं. मान्य.

आता विकण्याबद्दल. त्यात लपवाछपवी कुठे होती? चार गाणी तिनं द मेट्रिक्स या गीतकार-निर्मात्यांच्या त्रिकुटाबरोबर केली. एव्हरिल लव्हीनचं ‘कॉम्प्लिकेटेड’ करणारे तेच. रेडिओवर वाजावीत म्हणूनच केली, आणि ‘व्हाय कान्ट आय?’ बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३२ व्या क्रमांकापर्यंत पोचलंही. ती चारही मला गुळगुळीत वाटतात. ‘रॉक मी’ लागलं की मी पुढे जातो.

पण अल्बममध्ये गाणी १४ आहेत हो! सातवं ‘लिटल डिगर’ ऐकलंत का? आईच्या आयुष्यात नवा पुरुष आलाय. तिचा लहानगा मुलगा आपल्या खेळण्यातल्या गाड्या ओळीनं मांडून त्या पाहुण्याला दाखवतोय. आई बघतेय, आणि याला समजावायचं कसं ते तिला कळत नाहीये. फेअरचा तो सपाट, किंचित बेसूर होणारा आवाज इथे काहीही सजवत नाही. ३६ वर्षांची, घटस्फोट झालेली, मूल वाढवणारी बाईच हे लिहू शकते. हे गाणं ज्या अल्बमात आहे त्याला शून्य? आमच्या शाळेत शून्य कोऱ्या पेपरला मिळायचं.

तो राग या गाण्यांवरचा नव्हताच, असं मला अजूनही वाटतं. १९९३ चा ‘गायव्हिल’ म्हणजे रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ अल्बमला १८ गाण्यांचं उत्तर, आणि त्या वर्षी व्हिलेज व्हॉइस या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकानं घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो पहिला. ज्यांनी तिला डोक्यावर घेतलं, त्यांना दहा वर्षांनीही तीच मुलगी हवी होती. (तुम्हालाही, बहुतेक. चिडू नका.)

राहिली माफी. ते शून्य देणाऱ्या मॅट लेमे यांनी ती २०१९ मध्ये मागितली, आणि २०२१ मध्ये पिचफोर्कनं गुण बदलून ६.० केले. मला विचाराल तर हे सहा जरा जास्तच झाले. मी साडेपाच दिले असते. म्हणजे वकिली म्हणावी तर माझं अशिलावर फारसं प्रेम नाही.

मूळ लेखातला ‘पुरुष’ हा शब्द आज काढून टाकलाय. ओ’रोर्क यांच्यावर एक परिच्छेदही वाढवलाय, तो वाचून पुन्हा भांडायला या.