स्टिकचा बाक मोजायचा तर दारात मोजा

पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही हॉकीवेड्या कॅनेडियन माणसासमोर आइस हॉकीपटू मार्टी मॅकसोर्लीचं नाव काढा आणि गंमत बघा. माँट्रियलचा असेल तर गालातल्या गालात हसेल. मॅकसोर्लीच्या लॉस एंजेलिस किंग्ज टीमवाला असेल तर तुमची पुढची वीस मिनिटं गेली म्हणून समजा. इथे आइस रिंकच्या बाहेर, मुलांचा सराव संपायची वाट बघत कॉफी पिणाऱ्या आम्हा पालकांमध्ये त्याच्या वाकड्या स्टिकचा हा वाद अधूनमधून पेटतोच. मी खडकीत मैदानी हॉकी बघत वाढलेला माणूस, त्यामुळे मला कुणी फारसं विचारत नाही. म्हणून इथे लिहितोय.

आधी प्रकरण काय ते सांगतो. 3 जून 1993, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या स्टॅनली कपच्या फायनलमधली दुसरी मॅच, माँट्रियल फोरम. पहिली मॅच किंग्जनी माँट्रियलमध्ये येऊन 4-1 अशी मारलेली. दुसरीतही ते 2-1 ने पुढे, आणि घड्याळात पावणेदोन मिनिटं उरलेली. तेवढ्यात माँट्रियलचे कोच जाक देमेर यांनी रेफरी केरी फ्रेझरकडे मागणी केली, मॅकसोर्लीची स्टिक मोजा. मोजली. ब्लेडचा, म्हणजे स्टिकच्या खालच्या चपट्या भागाचा, बाक नियमापेक्षा जास्त निघाला. मॅकसोर्ली दोन मिनिटं बाहेर. देमेरनी आपला गोली (गोलकीपर) पॅट्रिक रुआ यालाही बाहेर बोलावून त्याच्या जागी आणखी एक खेळाडू उतरवला, म्हणजे गोली सोडून सहा विरुद्ध चार. एरिक देजार्दाँने बरोबरी साधली आणि ओव्हरटाइम सुरू होऊन 51 सेकंद होतात न होतात तोच विजयी गोलही त्यानेच ठोकला. त्या मॅचमधले माँट्रियलचे तिन्ही गोल त्याचेच. किंग्ज 2-0 अशी आघाडी घेऊन घरी जायचे, ते 1-1 वर गेले आणि पुढे 4-1 ने फायनल हरले. त्यानंतर 2025 च्या हंगामापर्यंत कॅनडातल्या एकाही टीमने कप उचललेला नाही.

(हाच फ्रेझर. आठवडाभर आधी टोरोंटोविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये किंग्जच्या वेन ग्रेट्स्कीची स्टिक टोरोंटोच्या डग गिलमोरच्या तोंडाला लागली, ती याला दिसली नाही. टोरोंटोत त्याचं नाव अजूनही आदराने घेतलं जात नाही.)

आता सगळे भांडतात ते देमेरवर. हे खेळाडूला शोभणारं होतं का, असं मागच्या दाराने कोणी जिंकतं का, वगैरे. मला हा वाद ऐकला की विनू मंकड आठवतात. 1947 साली सिडनीत त्यांनी चेंडू टाकायच्या आधीच क्रीझ सोडणाऱ्या बिल ब्राउनला धावबाद केलं. नियम मोडला ब्राउनने, आणि चिकटलं मंकड यांचं नाव. देमेरचंही तेच झालंय. जास्त वाकलेली स्टिक हातात होती मॅकसोर्लीच्या. शिवाय देमेरनी जुगार खेळला होता. स्टिक नियमात बसली असती तर उलट माँट्रियललाच दोन मिनिटांची पेनल्टी, तीही एका गोलने मागे असताना. तेव्हा देमेरबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती नियमाबद्दल, आणि त्याहून जास्त नियम राबवायच्या पद्धतीबद्दल.

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडं मागे जातो. आइस हॉकीची स्टिक पूर्वी सरळ ब्लेडची असायची, दोन्ही बाजूंनी सारखीच खेळता यायची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिकागो ब्लॅक हॉक्सच्या स्टॅन मिकिटाची स्टिक सरावात तडकून वाकडी झाली. वैतागून त्याने तिनेच पक (आइस हॉकीतली रबराची चकती) हाणला, तर तो भलताच सुटला. मग तो आणि त्याचा जोडीदार बॉबी हल मुद्दाम ब्लेड वाकवायला लागले. गरम पाण्यात भिजवायचं, दाराच्या फटीत अडकवायचं आणि पिळायचं. वाकलेल्या ब्लेडमुळे पक उचलला जातो, फिरकी घेतो, हवेत वळतो, आणि गोलीला शेवटपर्यंत अंदाज येत नाही. 1964 ते 1968 या पाचही हंगामांत एनएचएलमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू या दोघांपैकीच एक होता. सगळं श्रेय बाकाचं असं मी म्हणणार नाही, दोघंही जबरदस्त होते. पण बाकीच्यांनी बघितलं आणि बघता बघता सगळ्यांच्या स्टिका वाकल्या.

त्या काळात बरेचसे गोली उघड्या चेहऱ्याने उभे राहायचे, हे विसरू नका. 1 नोव्हेंबर 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा शॉट माँट्रियलचा गोली जाक प्लांतच्या तोंडावर बसला. टाके घालून तो परत आला तो मास्क चढवूनच, आणि मग कोचने कितीही नाकं मुरडली तरी त्याने मास्क सोडला नाही. गंमत म्हणजे ब्लेडला बाक सगळ्यात आधी आपण दिला असं पुढे बाथगेटही सांगायचा. तर, वाकड्या ब्लेडवरून कुठे जाईल याचा नेम नसलेला पक आणि समोर उघडा चेहरा. एनएचएलने 1967 साली दीड इंचाची मर्यादा घातली आणि 1970-71 च्या हंगामापर्यंत ती अर्ध्या इंचावर आणली. त्या वेळी हे अगदी शहाणपणाचं होतं.

पण 1974 नंतर एनएचएलमध्ये बिनमास्कचा गोली उरलाच नाही. मर्यादा मात्र अर्ध्या इंचावरच राहिली, ती थेट 2006 पर्यंत. तेव्हा ती पाऊण इंच केली, म्हणजे साधारण 19 मिलिमीटर. या मधल्या तीन दशकांत काय चाललं होतं? खेळाडू सर्रास जास्त बाकाची स्टिक वापरत होते, शेवटची काही मिनिटं आली की गुपचूप नियमातली स्टिक उचलत होते, आणि समोरचा कोच ते हेरायला टपून बसलेला असायचा. 1993 च्या त्या मॅचआधी माँट्रियलवाल्यांनी किंग्जच्या स्टिका लपूनछपून मोजून घेतल्या होत्या, अशी अफवा आजही आहे. देमेरनी ती कायम नाकारली. खरी असो वा खोटी, असली अफवा मुळात जन्माला येते ती या नियमामुळे. कारण मोजणी होणार ती फक्त समोरच्याने मागितली तर.

आणि इथेच माझं डोकं सटकतं. ऑफसाइड झाला तर लाइन्समन समोरच्या कोचच्या तक्रारीची वाट बघतो का? मग स्टिकच्या बाबतीतच का? ब्लेडची टाच आणि टोक यांच्यामध्ये सरळ रेषा धरायची आणि बाक त्या रेषेपासून जास्तीत जास्त किती लांब गेला ते बघायचं, एवढंच मोजमाप. त्यासाठी खास माप मिळतं. मॅचआधी ड्रेसिंग रूमच्या दारात एक माणूस उभा केला तर अर्ध्या तासात दोन्ही टीमच्या स्टिका मोजून होतील. ते करायचं नाही, आणि मग फायनलमध्ये पावणेदोन मिनिटं उरली असताना सगळी दुनिया थांबवून माप काढायचं. अशाने नियम खेळाचा राहत नाही, तो कोचच्या खिशातला हुकमी पत्ता होतो.

मैदानी हॉकीत बघा. तिथेही बाकाला मर्यादा आहे, पण तो बाक स्टिकच्या लांबीतला. जास्तीत जास्त 25 मिलिमीटर, शिवाय पूर्ण स्टिक 51 मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून गेली पाहिजे आणि वजन 737 ग्रॅमच्या वर नको. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत टेक्निकल ऑफिशियल मॅचआधीच स्टिका तपासतात. नाही बसली तर ती स्टिक बाजूला, दुसरी घे, विषय संपला. पाकिस्तानचा सोहेल अब्बास ड्रॅग फ्लिक मारायचा किंवा आपला हरमनप्रीत मारतो तेव्हा चेंडू त्या बाकातूनच गोफणीसारखा सुटतो. पेनल्टी कॉर्नरला पहिला फटका थेट मारला तर तो 460 मिलिमीटरच्या फळीच्या आतच राहावा लागतो, फ्लिकला मात्र उंचीचं बंधन नाही. आणि समोरून अंगावर धावून येणाऱ्या डिफेंडरकडे एक मास्क, एक ग्लोव्ह आणि देवावर भरवसा. तिथे बाकाची मर्यादा हवीच, माझं दुमत नाही.

आइस हॉकीत आज गोली डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात असतो. शॉटचा वेग वाढला तो लाकडाऐवजी कृत्रिम तंतूंच्या कंपोझिट स्टिकमुळे, आणि त्यांच्यावर कुणी बंदी घातली नाही. वर, जास्त बाकाची शिक्षा खेळाडूला आपोआप मिळते. बॅकहँड मरतो, कारण उलट्या बाजूने पक फुगीर ब्लेडवरून घसरतो. पाऊण इंच झाल्यापासून स्टिक मोजायच्या मागण्याही जवळजवळ बंद पडल्यात. म्हणून माझं मत विचाराल तर एनएचएलने ही मर्यादा सरळ काढून टाकावी. ते जमत नसेल तर दारात मोजावी. पण समोरच्या टीमला मोजणीची मागणी करायचा जो हक्क नियमपुस्तकात अजून शिल्लक आहे, तो आधी खोडावा. देमेरना मी दोष देत नाही म्हटलं, ते खरंच. पण तसा निर्णय कुठल्याही कोचला घ्यावा लागू नये.

ता. क. : मुलांना कुठली स्टिक घ्यावी, असं इथले काही मराठी पालक मेसेजमध्ये विचारत होते म्हणून. दुकानात मिळणाऱ्या पी 92, पी 88, पी 28 वगैरे नमुन्यांचे बाक एनएचएलच्या पाऊण इंचात बसतात. फक्त नुकतंच शिकणाऱ्या पोराला टोकाशी वळलेली पी 28 घेऊ नका, मोठी पोरं वापरतात म्हणून ती मागतात. कमी बाकाची घ्या, म्हणजे बॅकहँड तरी शिकतील.