दादा, तुमच्या ‘पैसे पाण्यात’ कमेंटवर

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून पार्ट आणून त्याच पैशात दुप्पट ताकदीचं मशीन होतं, मग मी लेखात लोकांना तयार नॅस (घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइली ठेवणारा डिस्कचा डबा) घ्यायला सांगून त्यांचे पैसे पाण्यात का घालतोय, आणि कंपनीने उद्या नवीन अटी घातल्या तर काय.

अटींचा मुद्दा एकदम मान्य. तयार नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजी कंपनीने २०२५ च्या प्लस मॉडेलांना स्वतःच्या यादीतल्याच डिस्क लागतील असं केलं होतं, लोक भडकले, मग त्याच वर्षी ऑक्टोबरात डीएसएम ७.३ (त्यांच्या नॅसची ऑपरेटिंग सिस्टीम) आणून ते सैल करावं लागलं. हे लेखात यायला हवं होतं, आज टाकतो. पण त्यांचं रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत, आतून लिनक्सचंच आहे, डबा मेला तरी डिस्क काढून उबंटूच्या पीसीला लावल्या की डेटा वाचता येतो.

आता पैसे. मी स्वतः चार वर्षं जुन्या आय३ पीसीवर ओपनमीडियाव्हॉल्ट (साध्या पीसीचं नॅस करणारं सॉफ्टवेअर) चालवलंय, चार डिस्क, रेड ५, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो, दुसरी गेली की संपलं. नुसतं बसून ५० वॉट खायचं, म्हणजे दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६, आणि स्लॅब वर सरकला की बिलात ते दिसतंच. आत्ताचा दोन डिस्कचा डबा मीटरवर १८ दाखवतो.

पण माझं मत बदललं ते बिलामुळे नाही. जुलैचे दिवस, मी कामाला नाशिकला, घरी मुलुंडला आई-बाबा, आणि आईचा फोन की फोटो उघडत नाहीयेत. बघितलं तर एक डिस्क ॲरेमधून (चार डिस्कच्या जोडणीतून) बाहेर, स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत, १९९ नंबरचा सीआरसी एररचा (डेटा पोचताना होणाऱ्या चुकांचा) आकडा वाढत चाललेला, म्हणजे डिस्क बहुतेक ठीक, केबलचा लोचा. बाबांनी व्हिडिओ कॉलवर कॅबिनेट उघडलं, एका हातात टॉर्च, समोर चार सारख्या डिस्क, सिरीयल नंबर सगळे आतल्या बाजूला, आणि बाबा विचारतायत, “यातली कुठली रे?” चालू मशीनमध्ये चुकून दुसरी केबल हलली असती तर ॲरेच बसला असता. त्यात आजीच्या आवाजातल्या ओव्या होत्या, आजी आता नाही. मी म्हटलं बाबा, हात लावू नका, बटण दाबून बंद करा, आणि रात्रीची एसटी पकडली. केबल बदलली, रीबिल्ड झालं, म्हणजे त्या डिस्कवरचा डेटा बाकीच्यांवरून परत भरला गेला, काही गेलं नाही.

तयार डब्यावर प्रत्येक खणाला नंबर असतो, डिस्क बिघडली की त्याच खणाचा दिवा रंग बदलतो. बाबांना फोनवर “दोन नंबर” एवढं सांगता येतं. मी पैसे त्याचे मोजले. तुमच्याकडे मशीनपाशी तुम्हीच असणार असाल तर खुशाल बांधा, झेडएफएस या फाइल सिस्टीमचे चेकसम (डेटा बिघडला तर ओळखणारे आकडे) मलाही आवडतात, फक्त प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेला सिरीयल नंबरची चिकटपट्टी लावा आणि एसएमआर डिस्क (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, म्हणून लिहायला संथ) घेऊ नका, रीबिल्डला जीव जातो.

आणि दोन्हीकडे रेड म्हणजे बॅकअप नाही हे धरून चाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला होता, तळमजल्यावरच्या घरात असं पाणी शिरलं तर चारही डिस्क एकदमच जाणार. माझी दुसरी कॉपी डोंबिवलीला ताईकडे कपाटात असते, दर गणपतीला आणि होळीला बदलतो.

तुमचं मशीन किती वॉट घेतं ते मीटर लावून बघा आणि पार्टांची यादी पाठवा, लेखात तुमचा सेटअपही टाकतो.